तुम्ही विचारलंत म्हणून: आधी नोंद, मग रील

बी.लिब. ही ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन नुकतंच वाचनालयात किंवा कॉलेजच्या ग्रंथालयात रुजू झालेली मुलंमुली साधारण एकच प्रश्न विचारतात. ‘टेक्नॉलॉजीची आवड आहे, इन्स्टा जमतं, ग्रंथालय बदलायचंय. तर आधी कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर शिकू की मार्केटिंगचा कोर्स करू?’ उत्तर जरा हिरमोड करणारं आहे. आधी दाखल रजिस्टर, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमांकानं नोंद असलेली वही, उघडा.

कोल्हापुरात तर हे फारच लागू. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं. सार्वजनिक ग्रंथालयांचा देशातला पहिला कायदा कोल्हापूर संस्थानानं १९४५ मध्ये केला, मद्रासचा १९४८ चा आणि महाराष्ट्राचा तर १९६७ चा. त्यामुळे इथल्या जुन्या वाचनालयांत पुस्तकं भरपूर, नोंदी तीन-चार पिढ्यांच्या हस्ताक्षरांतल्या, आणि मधे कधीतरी कुणीतरी त्या घाईघाईनं संगणकात भरलेल्या. खरी गोची त्या घाईत आहे.

एक चाचणी करून बघा. कपाटातून हाताला येतील ती वीस मराठी पुस्तकं काढा आणि मोबाइलवर देवनागरी टाइप करून, वाचक शोधेल तशी, ऑनलाइन तालिकेत (ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या यादीत) शोधा. वीसातली पाच जरी सापडली नाहीत, तर जाहिरात करून माणूस दारापर्यंत आणाल आणि ‘नाही हो’ म्हणून परत पाठवाल. पुस्तक मात्र मागच्या रॅकमध्येच असेल.

न सापडण्याचं कारण बहुतेकदा टायपिंगमध्ये असतं. ‘कादंबऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला रफारासारखा दिसणारा आडवा ‘र’ दोन प्रकारे टाइप होतो. एकात ‘ऱ’ हे वेगळं अक्षर घेऊन त्याचा पाय मोडलेला असतो, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा जोडक असतो. पडद्यावर दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. निम्म्या नोंदी एका पद्धतीच्या आणि वाचकाचा मोबाइल दुसऱ्या पद्धतीचा असला, की निम्म्या कादंबऱ्या गायब. ‘ॲ’चंही तेच, त्याला तर तीन रूपं आहेत. इलाज सोपा आहे. सगळ्या नोंदी एका शीटमध्ये काढा, जुनं रूप एखाद्या रकान्यातून उचलून ‘शोधा’मध्ये चिकटवा, ठरवलेलं रूप ‘बदला’मध्ये घाला आणि एका दमात सगळं बदला. मात्र कोणतं रूप ठेवायचं ते कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा, नाहीतर पुढच्या महिन्यात येणारा डेटा एंट्रीवाला पुन्हा घोळ करतो.

जुन्या नोंदी श्रीलिपी किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइल-संगणक सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, आणाव्या लागतात. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी हमखास चुकते. शंभर नोंदी डोळ्यांनी तपासल्याशिवाय दहा हजार बदलू नका.

लेखकाचं नाव ही दुसरी डोकेदुखी. ‘वि. स. खांडेकर’, ‘वि.स.खांडेकर’, ‘खांडेकर, विष्णु सखाराम’, ‘खांडेकर, विष्णू सखाराम’: माणूस एक, तालिकेत चौघे. ज्यांना कोल्हापूरकर आपलं मानतात, ज्यांना १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं, त्यांचीच पुस्तकं त्यांच्याच गावात चार ढिगांत विखुरलेली. कोहात लेखकनामांची प्रमाण यादी ठेवता येते. तिच्यात आधी सर्वाधिक देवघेव होणारे शंभर लेखक बसवा, बाकीचे सावकाश. जिथं दोन पुस्तकं आहेत त्या लेखकावर दिवस घालवण्यात अर्थ नाही.

‘तयार नोंदी नेटवरून उतरवल्या तर?’ हेही विचारलं जातं. इंग्रजी पुस्तकांना उत्तम. मराठी पुस्तकांच्या परदेशी ग्रंथालयातल्या नोंदी मिळाल्या तर त्या बहुधा रोमन लिपीत असतात, म्हणजे २४५ या क्षेत्रातलं (नोंदीच्या मार्क साच्यात शीर्षकाची जागा) शीर्षक देवनागरीत पुन्हा लिहावंच लागतं. शिवाय जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, नसतोच. हातानं भरायचं ठरवून हिशेब मांडा: एक माणूस नीट पाहून दिवसाला पन्नास नोंदी करतो असं धरलं तर दहा हजार पुस्तकांना कामाचे दोनशे दिवस. कार्यकारी मंडळाला ‘दोन महिन्यांत संगणकीकरण’ असं सांगून बसू नका.

आता सॉफ्टवेअर. कोहा, ई-ग्रंथालय, सोल यांपैकी कोणतं, हा वाद चहाबरोबर बरा. संस्था छोटी आणि लिनक्स सांभाळणारं कुणी नसेल तर एनआयसी या केंद्र सरकारच्या संस्थेचं ई-ग्रंथालय सोयीचं. शिकायची हौस असेल तर कोहा. २००० साली न्यूझीलंडमधल्या एका ग्रामीण भागातल्या ग्रंथालयात ते पहिल्यांदा चालू झालं. कोहात शोधासाठी झेब्रा हे इंजिन वापरणार असाल तर देवनागरीसाठी आयसीयूची (युनिकोड मजकूर हाताळणाऱ्या संचाची) मांडणी चालू करून पूर्ण निर्देशांक पुन्हा बांधावा लागतो. ते राहिलं की नोंद दिसते, पण शोधात येत नाही, आणि नवखा माणूस आपण केलेल्या नोंदीच तपासत बसतो.

एक्सेलची खोड मात्र सगळ्यांना भोवते. दाखल अंक ०००४१७ आहे. सीएसव्ही फाइल (नोंदींचा साध्या मजकुरातला तक्ता) डबल क्लिक करून उघडली की तो ४१७ होतो, आणि तेरा अंकी आयएसबीएन ९.७८ई+१२ असा फुगतो. तशीच सेव्ह केली की खेळ खलास: लेबलवर ०००४१७, संगणकात ४१७, स्कॅनर म्हणतो असं पुस्तकच नाही. म्हणून फाइल ‘आयात’ करून आणा, तो रकाना आधी ‘मजकूर’ ठरवा आणि सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

बारकोडचं लेबल उष्णतेवर थेट छापलेलं, दुकानाच्या बिलासारखं, घेऊ नका, वर्ष-दोन वर्षांत पुसट होतं. रिबनचा प्रिंटर घ्या. रेघांच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा ठेवा. जागा वाचवायला ती कापली की स्कॅनर अडतो. वरून साधी चिकटपट्टी लावायची सवयही सोडा. पावसाळ्यात तिच्या कडा सुटतात, गोंद पिवळा पडतो.

हे झालं की मार्केटिंग, आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं. फक्त एवढं: ‘वाचाल तर वाचाल’चं पोस्टर कुणाला आत आणत नाही. एक पुस्तक, मुखपृष्ठाचा फोटो, आतलं काय आहे ते दोन ओळींत आणि ‘आज संध्याकाळी सातपर्यंत काउंटरवर आहे’. प्रत एकच असेल तर तसं सांगा आणि मागणी नोंदवायची सोय आधी चालू करा, नाहीतर दहाजण येऊन नऊ नाराज जातील. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी वापरणार असाल तर लक्षात ठेवा, ज्यांनी ग्रंथालयाचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून सभासदाचा अर्ज घेतानाच त्याच्या मोबाइलमध्ये ग्रंथालयाचा नंबर सेव्ह करून घ्या. मुदत उलटूनही परत न आलेल्या पुस्तकांची, सभासदांच्या नावांसह यादी ग्रुपवर टाकू नका. लोक पुस्तक परत करतात आणि सभासदत्वही. आणि आख्ख्या पुस्तकाचा पीडीएफ फिरवणं म्हणजे सेवा नव्हे, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क चालू असतात.

सगळ्यात स्वस्त मार्केटिंग अभ्यासिकेत आहे. स्पर्धा परीक्षेची पोरं सकाळी आठला येतात, स्वतःची पुस्तकं उघडतात, रात्री जातात. कपाटाकडे बघतही नाहीत. पाण्याच्या फिल्टरजवळ बारा पुस्तकांचा छोटा रॅक ठेवा आणि दर आठवड्याला बदला. कोणती उचलली गेली ते लाईकवरून नाही, देवघेवीच्या अहवालावरून बघा.

जुनं दाखल रजिस्टर मात्र बंद करू नका. तपासणीला आलेले अधिकारी आधी तेच मागतात. आणि बॅकअप त्याच इमारतीत ठेवू नका. २०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना हे सांगायला नको. सीपीयू आणि यूपीएस जमिनीवरून उचला, रोजची प्रत बाहेर जाऊ द्या, आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर खरंच उघडून त्यात ‘कादंबऱ्या’ शोधून बघा.