टाळी द्या, ताट घ्या

तीन वर मिळाले तर काय मागावं, याबाबत जगभरच्या गोष्टींचं बऱ्यापैकी एकमत आहे. राज्य, सोनं, नाहीतर अमरत्व. १९६९ साली आलेल्या सत्यजित राय यांच्या ‘गुपी गाइन बाघा बाइन’ या बंगाली सिनेमातली जोडगोळी मात्र भुतांच्या राजाकडे पहिला वर मागते तो मनासारखं खायला आणि ल्यायला मिळण्याचा. दुसरा, वाटेल तिथे जाता यावं. तिसरा, आपलं गाणं-बजावणं ऐकून लोक जागच्या जागी खिळून राहावेत. झालं, संपली यादी. आणखी काही मागायचं राहिलं का, हा विचारसुद्धा दोघांना शिवत नाही.

हा सिनेमा अजून जुना का होत नाही, याचं उत्तर मला या यादीत सापडतं. ही उपाशी माणसांची यादी आहे. गुपी वाण्याचा पोरगा, गळा साफ बेसूर. गावातली रिकामटेकडी म्हातारी मंडळी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवतात, आणि हा भल्या पहाटे राजवाड्याजवळ जाऊन सूर लावतो. राजाची झोपमोड होते, गुपीची गाढवावरून हकालपट्टी. बाघाचं गाऱ्हाणंही तसलंच, फक्त त्याच्या गळ्यात ढोल. दोघांची गाठ पडते ती बांबूच्या रानात. कुठूनतरी टप्‌, टप्‌ असा आवाज येत असतो. गुपी बिचकत पुढे सरकतो, तर ढोलाच्या कातड्यावर वरच्या पानांमधून पाण्याचे थेंब पडताहेत. थोड्या वेळाने खराखुरा वाघ येतो, इकडेतिकडे फिरतो आणि निघून जातो. जीव वाचल्याच्या आनंदात हे दोघे इतकं भयानक गातात-वाजवतात की भुतं जमा होतात.

मग तो प्रसिद्ध भुतांचा नाच. सहा मिनिटांच्या आसपास चालतो, आणि त्यात एक शब्द नाही, चाल नाही, नुसता ताल. मृदंग, घटम, खंजिरी, मोरसिंग अशी दक्षिणेतली वाद्यं. भुतांच्याही चार जाती: राजे, रयत, गोरे साहेब आणि ढेरपोटे. आधी सगळे ऐटीत नाचतात, मग आपापसांत भांडतात. मेल्यावरही खोड गेलेली नाही! आजचा एखादा संकलक या नाचाला निम्मी कात्री लावेल. मोठी माणसं इथे थोडी चुळबुळतात, हेही खरं. मुलं मात्र डोळे विस्फारून बघत बसतात. त्यांना कुणी अर्थ विचारलेला नसतो, हे एक बरं असतं.

मूळ कथा रायांचे आजोबा उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांची. मोठ्यांचे गंभीर सिनेमे पुरे, आता मुलांसाठी काहीतरी कर, असा मुलाचा, म्हणजे संदीपचा, लकडा होता म्हणून रायांनी हा घाट घातला. पैशांची चणचण इतकी की रंगीत करायचं मनात असूनही सिनेमा कृष्णधवल झाला. शेवटाला तेवढे रंग उजळतात. चणचणीने एक उपकारच केला. इथली जादू म्हणजे दोघांनी एकमेकांच्या हातावर टाळी द्यायची, की ताटं हजर. ना ठिणग्या, ना धूर. कॅमेरा थांबवला, ताटं मांडली, पुन्हा सुरू केला, हे शेंबड्या पोरालाही कळतं, आणि तरीही मजा कमी होत नाही. शिवाय टाळी एकट्याला वाजवता येत नाही. रुसवा धरला तर दोघेही उपाशी.

जादू त्यांना नीट वापरताही येत नाही, हा तर माझा सगळ्यात आवडता भाग. शुंडी नावाच्या राज्यात जायचं असतं. नाव नेमकं आठवत नाही. झुंडी म्हणून टाळी देतात ते थेट बर्फात, दात वाजायला लागतात. मग हुंडी म्हणून बघतात, तर वाळवंट. तिसऱ्यांदा कुठे शुंडी लागते.

पुढे ‘हल्ला’ नावाच्या राज्याचा राजा शुंडीवर चालून जायला निघतो. दोन्ही राजे संतोष दत्तांनीच केलेत, एक गरीब गाय आणि दुसरा बरफी नावाच्या जादूगाराच्या औषधाने पिसाळलेला. औषध उतरलं की तोही लहान मुलासारखा. हल्ल्याचा मंत्री स्वतः भरपेट हादडतो आणि सैनिकांची पोटं पाठीला लागलेली. जैसलमेरच्या उघड्या माळावर उंटांसकट फौज उभी राहते, तेव्हा गुपी-बाघा तलवार काढत नाहीत. लढून तुम्हाला काय मिळणार, असं गाऊन विचारतात, आणि आभाळातून मिठाईची मडकी उतरतात. सैनिक शस्त्रं टाकून धावत सुटतात. तिसरा वर फौजेला खिळवून ठेवतो, पण लढाई मोडते ती पहिल्या वरामुळे. युद्धाविरुद्ध भाषण ठोकणारे सिनेमे मी पाहिलेत. त्यातलं एकही इतकं पटलेलं नाही.

शेवटची राजकन्यांची लग्नं मला उरकल्यासारखी वाटतात. १९८०च्या दुसऱ्या भागात, ‘हीरक राजार देशे’मध्ये, असं सैल काही नाही. तो जास्त धारदार, यमकांत बोलणारा, सत्तेला थेट चिमटे काढणारा आहे, आणि चर्चेत त्याचंच नाव जास्त निघतं. निघू दे. घरात सगळ्या वयाची माणसं असली की मी पहिलाच लावतो.