नरसाळ्यातला नवसागर

आज नववीला संप्लवनाचा, म्हणजे घन पदार्थ न वितळता थेट वाफ होण्याचा, प्रयोग घेतला. मीठ आणि नवसागर एकत्र करून चिनी मातीच्या बशीत घेतलं, वर नरसाळं उपडं घातलं, तोंडाला कापसाचा बोळा. बर्नर लावला आणि आत पांढरा धूर कोंडला. थोड्या वेळानं काचेवर आतून पिठासारखा थर चढला. मीठ मात्र बशीत जागच्या जागी. "बाई, तो उडाला आणि परत बसला!" मागच्या बाकावरची मुलगी ओरडलीच.

मला अल-राझी आठवला. इराणमधल्या रय शहराचा वैद्य, साधारण इ.स. ८६५ ते ९२५ मधला. तापवल्यावर उडणाऱ्या पदार्थांना तो 'आत्मे' म्हणायचा: पारा, गंधक, नवसागर, आणि हरताळ व मनशीळ ही आर्सेनिकची खनिजं. धातू म्हणजे 'देह'. सोनं करायचा ध्यास त्यालाही होता, पण त्याच्या 'किताब अल-असरार' (रहस्यांचं पुस्तक) या ग्रंथामध्ये भट्टी, भाता, मूस, चिमटा, ऊर्ध्वपातनाची (वाफ थंड करून अर्क काढायची) भांडी आणि नीट सांगितलेल्या कृती आहेत. मला हे फार मोठं वाटतं. (आपला 'अर्क'ही अरबीतलाच, मूळ अर्थ घाम.)

वर्गाला हे सगळं सांगितलं. तास संपल्यावर त्याच मुलीनं नरसाळं खरवडून पूड बाटलीत भरली आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'आत्मा, नववी ब'.