माधवरावांची शेपटी

आज सकाळी दूधवाला बेल वाजवून थकला, पण मी काचेला नाक लावून बसलो होतो. आमच्या माधवरावांच्या (निळा बेट्टा मासा, नाव आईने ठेवलं) फाटक्या शेपटीच्या कडेला केसाएवढी पारदर्शक झालर दिसली. नवी शेपटी! रंग अजून यायचाय.

तीन आठवड्यांपूर्वी ती पार चिंध्या झाली होती. दोषी कोण? मीच हौसेने आणलेलं प्लॅस्टिकचं झाड. पानावरून पातळ मोजा ओढून बघितला, तो अडकला. जिथे मोजा अडकतो तिथे शेपटी फाटणारच. झाड त्याच दिवशी कचऱ्यात.

औषध आणायला निघालोच होतो. पण कडा काळ्या-लाल नव्हत्या, म्हणजे सडत नव्हती, नुसती फाटली होती. मग काय, स्वच्छ पाणी. एक दिवसाआड पाव टाकी बदलायची, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढणारे थेंब टाकून. पावसाळ्यात फोंड्यात रात्री गारवा येतो, म्हणून हीटर २६ अंशांवर. शिवाय देवळामागच्या बदामाचं वाळलेलं, गळून पडलेलं एक पान, धुऊन. पाणी कोऱ्या चहासारखं झालं. आई म्हणाली, "अरे, माशाला काढा पाजतोस की काय?"

तिचं फारसं चुकलं नाही म्हणा. त्या पानातली टॅनिन्स जंतूंना थोडाफार आळा घालतात.

आता माधवराव आरशात स्वतःला बघून गाल फुगवतायत. आरसा काढून ठेवलाय, उगाच भांडून परत शेपूट फाडून घ्यायचे.