टिमकी

मागच्या गणपतीत आमच्या सुदामा नगरच्या मंडळात भाचीने एका संध्याकाळचं निवेदन केलं. नववीत आहे, शाळा इंग्रजी, मैत्रिणी सगळ्या हिंदीवाल्या आणि घरात आमचं हे इंदूरी मराठी, ज्यात अर्धं वाक्य संपेपर्यंत "मतलब" आणि "वैसे" येऊन जातात. तरी पोरीने छान केलं. एका ठिकाणी अडखळली, हसली, पुढे गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी येताना तिने जोशात इन्स्टाच्या स्टोरीवर एक लिंक टाकून दिली, त्या नाव न दिसणाऱ्या ॲप्सपैकी एकाची, की माझ्याबद्दल काहीही सांगा, कोण आहे ते कळणार नाही.

चार दिवसांनी नणंदेचा फोन, ही आरतीला येत नाही, पोट दुखतं म्हणते, जेवत नाही. मी रविवारी सकाळी पोहे-जलेबी घेऊन गेले. वर गच्चीवर बसलो, जलेबी तशीच राहिली, पोहे गार झाले, वरची सेव पार मऊ पडली आणि तासाभराने तिने न बोलता फोन माझ्या मांडीवर ठेवला.

अकरा मेसेज. दोन बरे. बाकीचे म्हणजे "माइक सोड, सगळे हसत होते", "आधी दात नीट कर", "तुझ्याशी सगळे दया म्हणून बोलतात", सगळं मराठीच पण इंग्रजी अक्षरांत. आणि एक नुसताच, "आली टिमकी".

खाली आल्यावर नंदोईंचं सुरू झालं, फोन जमा, ॲप डिलीट, आत्ताच्या आत्ता पोलीस. मी म्हणलं थांबा हो भाऊजी. ॲप फोनमधून काढलं म्हणजे ते बंद होत नाही, अकाउंट आणि लिंक तिकडे चालूच राहते, आणि हातातला पुरावा मात्र जातो. म्हणून आधी स्क्रीनशॉट, तारीख-वेळ दिसेल असे, मग ॲपमध्येच रिपोर्ट, मग सेटिंगमध्ये जाऊन अकाउंट डिलीट आणि सगळ्यात शेवटी ॲप. पोलिसांचं म्हणाल तर कोणी नाव लपवून धमकी दिली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१(४) मध्ये त्याची वेगळी शिक्षा आहे, धमकीच्या शिक्षेवर आणखी दोन वर्षांपर्यंत. कोणी घाण फोटो किंवा एडिट केलेला फोटो टाकला तर लगेच सायबरक्राईमच्या सरकारी पोर्टलवर किंवा मुलांच्या हेल्पलाइनवर, १०९८ वर, आणि २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे असल्या फोटोची तक्रार आली की कंपनीने काही तासांतच तो हटवायला पाहिजे. पण "दात नीट कर" हे कोणत्या कलमात बसवणार? आयटी कायद्यातलं "त्रासदायक मेसेज"वालं कलम ६६अ तर सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्येच रद्द केलं, आणि माझ्या मते ते बरंच झालं, पण मग असल्या टोचणीचं काय ते घरातच बघावं लागतं. शिवाय पाठवणारं पोरगंही बहुधा नववीतलंच असणार.

तेवढ्यात भाची हळूच म्हणाली, मामी, पैसे भरले तर हिंट देतात. आजीकडून रिचार्जच्या नावाने तीनशे रुपये घेऊन ठेवले होते तिने. मला तर खरा राग इथे आला. त्या मेसेजपेक्षा जास्त. म्हणजे आधी पोरीला रडवायचं आणि मग कोणी रडवलं ते विकायचं!

हे नुसतं माझ्या मनाचं नाही. अमेरिकेत एनजीएल नावाच्या असल्याच एका ॲपवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने केस केली होती, जुलै २०२४ मध्ये ५० लाख डॉलरवर मिटली आणि १८ वर्षांखालच्यांना ते ॲप द्यायला बंदी आली. आरोप काय होता, तर कंपनी स्वतःच मुलांना खोटे मेसेज पाठवायची, जणू ओळखीच्याच कोणी पाठवलाय, आणि मग आठवड्याला ९.९९ डॉलरपर्यंत घेऊन "कोणी पाठवला" याच्या हिंट विकायची, ज्या बऱ्याचदा कामाच्याच नसायच्या. त्याच्या आधी साराहा होतं, २०१७ मध्ये तर आपल्याकडेही जो तो लिंक टाकत होता, मी पण टाकली होती, खोटं का बोलू. ऑस्ट्रेलियातल्या एका आईने आपल्या मुलीला आलेले मेसेज वाचून ऑनलाइन याचिका काढली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ॲपल आणि गूगलने ते आपापल्या स्टोअरमधून काढून टाकलं. एक बंद होतं, दुसरं येतं.

तर मी भाचीला तेच सांगत होते, की बाळा, यातले अर्धे काय माहीत कोणी माणसाने लिहिलेत की मशीनने. तिला जरा बरं वाटलं. मलाही वाटलं.

पण घरी येताना गाडीवर डोक्यात ते घुमत राहिलं. मशीनला "टिमकी" कुठून येणार? इंदूरच्या शाळेतल्या पोरांना तरी कुठून? आमच्या सासूबाई म्हणतात ते, जो सारखा मधे-मधे वाजतो त्याला. त्यांच्याशिवाय मी तरी हा शब्द असा कोणाच्या तोंडी ऐकलेला नाही.

घरी चिरंजीव सोफ्यावर, कानात इयरफोन. मी फक्त तो एक शब्द म्हणलं. चेहरा उतरला. "मम्मी, मस्करी होती यार, मी एकच पाठवला, बाकीचे माझे नाहीत, कसम से." आणि मग, "नाव दिसत नाही ना त्यात, म्हणून." मी इतका वेळ दुसऱ्याच्या पोरांबद्दल भाषण देऊन आले होते. फोन घेतला, पर्समध्ये टाकला आणि त्याला म्हणलं चल, आत्ता, स्वतःच्या तोंडाने सांग.

सांगितलं त्याने, दारातच, चपला न काढता. भाचीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मला माहितीये," म्हणाली, "टिमकी आजीचा शब्द आहे. पहिल्याच दिवशी कळलं."

"अगं, मग मला गच्चीवर सांगितलं का नाहीस?"

"मामी, तू त्याचा फोन घेतला असतास."

पर्स माझ्या खांद्यालाच होती.