शूबर्टच्या चाळीत

व्हिएन्नातल्या नुसडॉर्फर रस्त्यावर, चोपन्न नंबरच्या घरासमोर, म्हणजे संगीतकार फ्रान्झ शूबर्टच्या जन्मघरासमोर, मी दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी पोचले. दार बंद. भाची इथेच शिकते, तिनं पाटी वाचली आणि हसत सुटली. "मावशी, इथे पण पुण्यासारखंच आहे गं. जेवणाची सुट्टी!" फक्त एक ते दोन, म्हणजे पुण्यापेक्षा बरंच. वेळ न बघता निघाले ती चूक माझीच.

तासभर करायचं काय? जवळच झॉयलन गल्ली आहे, तिकडे निघालो. फ्रान्झ शूबर्ट चार वर्षांचा असताना, 1801 मध्ये, त्याचे शाळामास्तर वडील बिऱ्हाड आणि शाळा घेऊन तिथे राहायला गेले. पुढे वडिलांच्याच शाळेत पोरांना मुळाक्षरं शिकवायची वेळ फ्रान्झवर आली. 1815 साली, अठराव्या वर्षी, ही मास्तरकी सांभाळून त्यानं जी गाणी लिहिली त्यातलं एक 'एर्लकोनिग'. कविता जर्मन महाकवी गटेची. रात्रीचा वारा, तापानं फणफणलेल्या मुलाला छातीशी धरून घोडा पिटाळणारा बाप, आणि मुलाला आपल्याकडे बोलावणारा, फक्त त्यालाच दिसणारा वनराजा. बाप, मुलगा, वनराजा आणि निवेदक असे चारही आवाज एकाच गायकानं काढायचे. घोड्याची दौड मात्र पियानोवाल्याच्या उजव्या हातात. एकच स्वर इतका सलग आणि इतका जलद बडवायचा की मनगट भरून येतं. मित्रांनी अशी गाणी वहीत उतरवून गटेला पाठवली. वही परत आली, सोबत एक ओळही नाही.

त्या घराच्या जागी आता गाड्यांचं गॅरेज आहे. शूबर्टच्या नावाचंच! भाचीनं फोटो काढला, मी नाही काढला.

दोन वाजता परत आलो. दारातून आत चौकात पाऊल टाकलं आणि मी म्हटलं, अगं, ही तर चाळ आहे! मधे चौक, वरच्या मजल्याला बाहेरून लाकडी गॅलरी, गॅलरीवर ओळीनं उघडणारी दारं. सोळा बिऱ्हाडं होती इथे, प्रत्येकाला एक खोली आणि एक स्वयंपाकघर. इमारतीचं नाव 'तांबडा खेकडा', कारण त्या काळी घरं नंबरापेक्षा अशा खुणेच्या नावानं ओळखली जात. 31 जानेवारी 1797 रोजी शूबर्ट इथे जन्मला, बहुधा स्वयंपाकघरातच, कारण त्या थंडीत चूल तिथेच पेटलेली असणार. आईला चौदा मुलं झाली. जगली पाच.

एका काचपेटीत त्याचा चष्मा आहे. तो झोपतानाही चष्मा काढत नसे म्हणतात, सकाळी सुचलेलं लगेच लिहिता यावं म्हणून. खरं असेल नसेल. पण पेटीतली ती लहानशी गोल भिंगं बघताना तो पहिल्यांदाच मला पुतळ्यातला वाटला नाही. उंचीला पाच फुटांच्या थोडा वर, गोलमटोल. मित्र त्याला लाडानं 'अळंबी' म्हणत.

हे मित्र त्याच्या संगीतात किती आहेत, हे मला या सहलीत उमगलं. नेपोलियनचा पाडाव झाल्यावर व्हिएन्नावर ऑस्ट्रियाचा मंत्री मेटर्निख याची पकड बसली. चार तरुण एकत्र जमले की पोलिसांचे कान टवकारत, आणि छापायचं ते आधी सेन्सॉरला दाखवावं लागे. 1820 च्या मार्चमध्ये योहान झेन या कवीच्या खोलीवर धाड पडली, तेव्हा शूबर्ट तिथेच होता. त्याला सोडून दिलं. झेन वर्षाहून अधिक काळ कोठडीत राहिला, मग त्याला शहरातूनच हाकललं. अशा शहरात मोकळं बोलायचं कुठे? कुणाच्या तरी दिवाणखान्यात, दार लावून. पियानोवर शूबर्ट, शेजारी ऑपेरातला उंचापुरा गायक फोगल, आणि भोवती खुर्च्यांवर, जमिनीवर दाटीवाटीनं बसलेली मंडळी. आपल्याकडे याला बैठक म्हणतात. ते 'शूबर्टियाडं' म्हणत. मोरित्स फॉन श्विंडनं अशा एका संध्याकाळचं काढलेलं चित्र सगळीकडे छापलेलं दिसतं, पण ते 1868 चं आहे, म्हणजे शूबर्ट जाऊन चाळीस वर्षं झाल्यावर आठवणीतून काढलेलं. त्यात सगळे जरा जास्तच नटलेले आहेत.

'उपेक्षित शूबर्ट' ही गोष्ट मात्र मला आता जरा ताणलेली वाटते. गाणी त्यानं सहाशेच्या वर लिहिली, त्यातली पुष्कळशी त्याच्या हयातीत छापली गेली, घराघरांत गायली गेली. खोलीत मावणारं संगीत पोचलं. मोठा वाद्यवृंद लागणारं तेवढं पडून राहिलं. 1822 ची 'अपूर्ण' सिंफनी लोकांनी ऐकली ती 1865 मध्ये. सी मेजरमधली मोठी सिंफनी भावाच्या घरी पडलेली संगीतकार शूमानला सापडली आणि 1839 मध्ये लाइपझिगला त्याचा संगीतकार मित्र मेंडेल्सोन यानं वाजवली.

ते भावाचं घर, म्हणजे फर्डिनांडचं, शूबर्ट जिथे वारला ते, केटनब्र्युकन गल्लीत आहे. भाचीला तास होता, मी एकटीच गेले. नाशमार्क्टचा बाजार, जैतून आणि चीजचे ढीग ओलांडले की दोन मिनिटांवर. 1828 च्या सप्टेंबरात तो इथे आला तेव्हा इमारत नवी आणि ओल न सुकलेली होती. मार्चमध्ये त्यानं आपल्या रचनांचा एकमेव जाहीर कार्यक्रम केला होता, आणि काही दिवसांतच व्हायोलिनवादक पागानिनीचा व्हिएन्नातला पहिला कार्यक्रम झाल्यावर वर्तमानपत्रांना दुसरं काही सुचेना. नोव्हेंबरात शूबर्टनं अंथरूण धरलं. अकरा दिवस काही खाल्लं-प्यायलं नाही, असं मित्राला कळवताना त्यानं मागितलं काय, तर अमेरिकन लेखक कूपरच्या आणखी कादंबऱ्या! 19 तारखेला गेला. वय एकतीस.

पडल्या पडल्या तो 'विंटरराइज'च्या उत्तरार्धाची मुद्रितं तपासत होता. हिवाळ्यात वणवण करणाऱ्या माणसाची चोवीस गाणी, शब्द विल्हेल्म म्युलरचे. त्या खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी कानाला हेडफोन लावून शेवटचं गाणं लावलं. गावाबाहेर बर्फावर अनवाणी उभा म्हातारा, दांडा फिरवून वाजवायचं वाद्य, रिकामी थाळी, गुरगुरणारी कुत्री. आणि पियानोच्या डाव्या हातात पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनच स्वर, षड्ज आणि पंचम. त्यावर उजव्या हातात थकलेली लहानशी धून. चौदा वर्षं तानपुऱ्यामागे बसले आहे मी, पण तानपुरा इतका थंडगार कधी वाटला नव्हता. शेवटी प्रवासी म्हाताऱ्याला विचारतो, तुझ्याबरोबर येऊ का? माझ्या गाण्यांना साथ करशील? उत्तर यायच्या आत गाणं संपतं.

माझा 'सा' जरा मोठ्यानं लागला असावा. दारातून तिकिटवाल्या बाईंनी डोकावून पाहिलं आणि काही न बोलता परत गेल्या.