आजींनी तर मासा खाल्लाच नव्हता

मी ऑटो इलेक्ट्रिशियन. सोलापुरात पुणे नाक्याच्या अलीकडे माझं छोटं गॅरेज आहे, हेल्पर धरून आम्ही तिघं. ट्रकचं वायरिंग, अल्टरनेटर, सेल्फ, बसची लायटिंग ही रोजची कामं. २०२१ साली राज्याचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण आलं, आणि तेव्हापासून कधीमधी घरासारख्या सजवलेल्या गाड्याही दारात उभ्या राहायला लागल्या. आत पलंग, ओटा, फ्रिज, वर सोलर. पुणे-हैदराबाद रस्त्यावर सोलापूर साधारण मधे पडतं, त्यामुळे ज्याचं काही बिघडतं तो इथं थांबतोच.

जानेवारीतली गोष्ट. होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरला होता, गावात गर्दी. सकाळी नवाच्या सुमारास एक टेम्पो ट्रॅव्हलर आली, पुण्याची. कॅरव्हॅन केलेली. साहेब, वहिनी, दोन पोरं आणि साहेबांच्या आई. साहेब उतरले आणि उतरता उतरता तक्रार सुरू: इन्व्हर्टर रात्रभर पीं-पीं करतो, बॅटरी धरत नाही, आणि मागच्या डिकीतला जनरेटर पहाटे तीनच्या सुमारास आपोआप बंद पडला, तोही बघा.

मी मीटर लावला. गाडीतल्या घराला वीज देणाऱ्या वेगळ्या बॅटरीला ११.४ व्होल्ट. बारा व्होल्टची चांगली बॅटरी भरलेली असेल तर १२.६-१२.७ दाखवते, १२.२ ला आली की निम्मी संपली समजायचं. ११.४ म्हणजे पार निचरा. कारण विचारायची गरज नव्हती, हीटर ब्लोअर समोरच पडला होता. हजार वॅटचा ब्लोअर इन्व्हर्टरवर चालवायचा म्हणजे बॅटरीतून नव्वद अँपिअरच्या आसपास ओढायचे. दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी तासाभरात अर्धी. मग साहेबांनी जनरेटर लावला. भिगवणजवळ उजनीच्या पाण्याकाठी मुक्काम होता, रोहित पक्षी बघायला गेले होते, थंडी चांगलीच पडली होती.

"पेट्रोल संपलं असेल," मी म्हणालो. टाकी उघडून बघितली तर कोरडी. साहेबांना थोडं ओशाळल्यासारखं झालं.

इतकंच असतं तर अर्ध्या तासात चार्जिंगला लावून चहा पाजून वाटेला लावलं असतं. पण धाकटी पोरगी पायरीवर बसून उलटीचं पातेलं मांडीवर घेऊन होती. मोठा आत पडून. वहिनी कपाळाला बाम चोळत होत्या. मी सहज विचारलं, तर म्हणाल्या, "काल रात्री मासे खाल्ले हो, चिलापी. बाधले वाटतं सगळ्यांना. वर आणि गाडी लागली पोरांना."

ठीक. होतं असं. मी बॅटरी काढायला आत गेलो. बॅटरी मागच्या पलंगाखाली, आणि पलंगाच्या खालच्या बाजूला डिकी, डिकीत जनरेटर. मधे प्लायवूडचा पडदा. त्यातून केबल आत आणायला दोन इंचाचं भोक पाडलेलं, केबल अर्ध्या इंचाची. बाकीचं भोक उघडं. त्याच्या कडेला काळं काहीतरी लागलं होतं. बोट लावलं तर काजळी.

तरी माझ्या डोक्यात लगेच काही आलं नाही, हे कबूल करतो. मी मनात त्या काम करणाऱ्याला एक शिवी घातली, कारण ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसवायची रबरी कडी, न लावता केबल ओढली की प्लायच्या कडेवर तिचं इन्सुलेशन घासतं आणि एक दिवस शॉर्ट होतं. मला ते भोक वायरिंगचं वाटलं.

बाहेर आलो तर आजी खुर्चीत डोकं धरून बसल्या होत्या. गळ्यात तुळशीची माळ.

मी विचारलं, "आजी, तुम्हाला पण मासे बाधले का?"

त्या चिडल्याच. "अरे माळकरी आहे मी. मासा कसला खातेय? दूधभाकरी खाऊन निजले. डोकं मात्र असं ठणकतंय की विचारू नकोस."

मी उभाच राहिलो. मग साहेबांना विचारलं, "तुम्ही मासा खाल्लात?" तर म्हणाले, "सगळ्यात जास्त मीच. मला काही झालं नाही." आणि झोपलात कुठं? पुढं, ड्रायव्हरच्या सीटवर, काच चार बोटं खाली ठेवून. घोरतो म्हणून वहिनींनीच पुढं पाठवलं होतं. बाकी चौघं मागं, सगळ्या काचा बंद करून.

मासा खाणारा ठणठणीत आणि दूधभाकरी खाणाऱ्या आजी सगळ्यात जास्त आजारी. मग ती काजळी आठवली.

कार्बन मोनॉक्साइडबद्दल गॅरेजवाल्याला जेवढं माहीत असतं तेवढंच मला होतं. इंजिनच्या धुरात असतो, वास नाही, रंग नाही, बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवायची नाही. दर हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेल्यांची बातमी येते, तीही याच वायूची. मी साहेबांना म्हणालो, आधी दवाखाना, गाडीचं नंतर. साहेब पटकन आत गेले आणि कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर घेऊन आले. पोरीच्या बोटाला लावला. ९७. आजींना ९६. "ऑक्सिजन तर चांगला आहे की मिस्त्री!"

आता आली का पंचाईत. माझ्याकडे मशीनला उत्तर नव्हतं. पण मी हट्टाला पेटलो. बिलबुकाच्या मागच्या पानावर लिहून दिलं: 'रात्रभर जनरेटरचा धूर आत. कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. रक्त तपासा.' चिठ्ठी वहिनींच्या हातात दिली, दोन रिक्षा बोलावल्या. गड्ड्याच्या गर्दीमुळे रिक्षावाल्यांना वळसा घ्यावा लागला असेल, पण गेले एकदाचे.

ते गेल्यावर मी आणि हेल्पर पोरगं कामाला लागलो. देव्हाऱ्यातली उदबत्ती घेतली, पेटवून पोराला डिकीत धरायला लावली आणि मी आत पलंगापाशी बसलो. सगळ्या काचा बंद. धूर आत येतोय, पण अगदी नावाला. मला वाटलं, उगीच माणसं घाबरवली का आपण. मग वर छताकडे लक्ष गेलं. तिथं एक्झॉस्ट फॅन होता. तो चालू केला, आणि भोकातून उदबत्तीचा धूर दोरीसारखा सरळ आत आला. पोरगं डिकीत वाकून बघत ओरडलं, "मालक, सगळा धूर आत खेचूलालाय ओ!"

गाडी कोंदट वाटू नये म्हणून तो फॅन रात्री वहिनींनी लावला होता. त्यांच्या हिशेबानं हवा खेळती ठेवली होती. पण फॅन हवा बाहेर फेकतो म्हणजे तेवढी हवा कुठून तरी आत यायला हवी. काचा बंद, दार बंद, उरलं काय? पलंगाखालचं भोक. आणि त्याच्या पलीकडे, डिकीत, सायलेन्सरचा पाइप जिथं वाढवला होता तिथली क्लिप ढिली. म्हणजे धूर डिकीत भरायचा आणि वरचा फॅन तो झोपलेल्यांच्या उशापर्यंत ओढून आणायचा. नंतर पुढची काच चार बोटं उघडून पाहिलं. धुराची दोरी बरीच बारीक झाली, पण तुटली नाही.

साहेब दुपारी दोनला एकटे परत आले. चेहरा उतरलेला. डॉक्टरांनी आधी पोट दाबून बघितलं होतं, मग चिठ्ठी वाचली आणि रक्त घेतलं. चौघांनाही ऑक्सिजनचा मास्क लावून ठेवलं होतं. ऑक्सिमीटरचं कोडं डॉक्टरांनी उलगडलं: हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो, आणि बोटाला लावायचं साधं यंत्र त्या दोन्हींत फरकच करू शकत नाही. वायू भरलेलं रक्तही त्याला ऑक्सिजन भरलेलंच दिसतं. डॉक्टर म्हणाले होते, साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. जनरेटर बंद होऊन सहा तास झाले होते, म्हणजे रात्री रक्तात तपासणीत सापडला त्याच्या दुपटीहून जास्त असणार. मास्कवर तेच काम तास-दीड तासात होतं.

"पेट्रोल संपलं म्हणून..." साहेब म्हणाले आणि पुढं बोललेच नाहीत. सकाळी त्याचीच तक्रार घेऊन आले होते.

चहा झाल्यावर बोलते झाले. काही वर्षं टेक्सासात होते. तिकडे आरव्ही, म्हणजे अशीच घरासारखी गाडी, भाड्यानं घेऊन हिंडायचे. प्रत्येक गाडीत तीन अलार्म: धुराचा, कार्बन मोनॉक्साइडचा, गॅसचा. तिकडच्या मानकातच ते बसवलेले असतात. "कांदा परतला की वाजायचा. वैतागून बॅटरी काढून ठेवायचो मी." इकडे स्वतःची गाडी करून घेताना कारागिराशी पडद्यांच्या रंगावर आठवडाभर चर्चा झाली, अलार्मचा विषयच निघाला नाही. आपल्याकडेही मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, पण जुनी गाडी घेऊन गल्लीत पलंग ठोकून घेणाऱ्याला ते कोण सांगणार?

त्या दिवशी गाडीत जे केलं ते असं. जनरेटर डिकीतून बाहेर काढला आणि साहेबांना लांब केबल करून दिली. तो गाडीपासून किमान वीस फूट लांब ठेवायचा, धुराचं तोंड पलीकडे, आणि झोपायच्या आधी बंद. थंडी वाजली तर सोलापुरात आलाच आहात, चादरी घ्या. प्लायच्या भोकाला ग्रोमेट आणि वरून पीयू सीलंट. पुन्हा उदबत्ती, पुन्हा फॅन. काही नाही आलं.

इथं एक घोटाळा होता होता वाचला. हेल्पर पोराला उत्साह आलेला, तो सीलंटची गन घेऊन दिसेल ते भोक बुजवत सुटला आणि ओट्याखालच्या सिलिंडरच्या कप्प्याचं तळातलं भोकही बुजवायला लागला. मी हात धरला. ते भोक मुद्दाम असतं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर पाण्यासारखा खाली साचतो, त्याला खालूनच बाहेर जायला वाट लागते. म्हणून गॅसचा अलार्म जमिनीपासून वीतभर उंचीवर, आणि मोनॉक्साइडचा पलंगापाशी, झोपलेल्याच्या नाकाच्या उंचीला. अलार्मच्या पाठीवर मुदतीची तारीख असते, तीही बघायची. आतला सेन्सर म्हातारा होतो.

गॅसच्या नळीवरची मुदत संपून गेली होती, ती बदलली. टायरांवर नक्षी नव्यासारखी, पण कडेला बारीक चिरा. कडेवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे १९१६, म्हणजे २०१६ सालचा एकोणिसावा आठवडा. अशा गाड्या वर्षभर उन्हात उभ्या आणि चार दिवस रस्त्यावर. टायर झिजून नाही, वयानं जातात. सहा वर्षांनंतर मी तरी भरवसा धरत नाही. ते हैदराबादेत बदलतो म्हणाले. मी म्हणालो, इथंच बदला. बदलले. वजनकाट्यावर जाऊन यायला मात्र वेळ झाला नाही. पाण्याची शंभर लिटरची टाकी भरली की शंभर किलो वाढले, एवढं सांगून ठेवलं.

कुटुंब रात्री लॉजवर राहिलं. मोनॉक्साइडचा अलार्म नवी पेठेतल्या मी विचारलेल्या एकाही दुकानात मिळाला नाही, तो ऑनलाइन मागवून दोन दिवसांनी आला. तोवर आजींनी अक्कलकोट करून घेतलं, एसटीनं. त्या गाडीत बसायला तयारच नव्हत्या. निघताना अलार्मचं बटण दाबून दाखवलं तेव्हा धाकटीनं कानावर हात ठेवले आणि आजी म्हणाल्या, "वाजू दे अजून."

आता माझं. सकाळी त्या भोकाला मी शिवी घातली होती, पण तसंच दोन इंचाचं भोक मीही पाडत आलोय. गोल भोक पाडायची एकच होल-सॉ करवत आहे माझ्याकडे, केबल बारीक असो की जाड, तीच लावतो. त्याच्या आधीच्या तीन वर्षांत तीन कॅरव्हॅनचं वायरिंग मी केलं होतं. त्या रात्री जुन्या वहीतून नंबर काढले. एकजण बार्शीचा, दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन आला, फुकटात सील करून दिलं. दुसरे म्हणाले, "आम्ही जनरेटर लावतच नाही," आणि फोन ठेवला. तिसऱ्याचा नंबर बदललाय. लातूरकडची गाडी होती, पांढरी, मागं शिडी. रस्त्यावर तशी गाडी दिसली की अजून मी हात करतो. दोन वेळा थांबवलीही. दुसरीच निघाली.