बोटाखालचा उंचवटा

मानेच्या मधल्या खळगीतून बोट हळूहळू वर नेले की कवटीच्या मागच्या हाडावर एक लहानसा उंचवटा लागतो. आमच्या भाषेत तो इनिऑन. गेली १४ वर्षे मी ई.ई.जी. (मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद) तंत्रज्ञ म्हणून काम करते आहे आणि रोजच्या प्रत्येक रुग्णाची सुरुवात याच उंचवट्यापासून होते. तरीही बार्शीकडच्या एका सात वर्षांच्या मुलीने तो मला नव्याने शोधायला लावला.

मुलगी आजीबरोबर आली होती. शाळेत लिहिता लिहिता ती क्षणभर थांबते, टक लावून बघत राहते आणि पुन्हा लिहू लागते, एवढीच तक्रार. आधी दुसऱ्या एका ठिकाणी काढलेल्या ई.ई.जी.च्या अहवालात ‘डाव्या बाजूच्या मागील भागात लहरींची उंची कमी’ असे लिहिलेले होते. एम.आर.आय. निर्दोष निघाला होता. मात्र त्या एका ओळीवरून मेंदूच्या एका ठिकाणाहून झटके उठत असावेत असा अंदाज बांधून कार्बामाझेपिन हे झटक्यांवरचे औषध सुरू केले गेले होते, आणि तेव्हापासून थबकणे कमी होण्याऐवजी वाढले होते.

आदल्या दिवशी शाम्पूने डोके धुऊन, तेल न लावता या, असे आम्ही प्रत्येकाला बजावून सांगतो. तरी मुलीचे डोके तेलाने चपचपीत होते, मधोमध भांग पाडून दोन वेण्या घट्ट घातलेल्या होत्या. “परगावी जायचं म्हणून चापून घातल्या, ताई,” आजी म्हणाल्या. तेलावर इलेक्ट्रोड, म्हणजे लहरी टिपणाऱ्या चकत्या, चिकटवायची पेस्ट धरत नाही. टाळू स्वच्छ करून त्वचेचा विजेला होणारा अवरोध पाच किलोओहमच्या खाली आणण्यात अर्धा तास गेला.

मोजणीविषयी मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण सगळे प्रकरण तिच्यातच आहे. नाकाच्या मुळाशी, दोन भुवयांच्या किंचित खाली असलेला खोलगट बिंदू म्हणजे नेझिऑन. तिथून डोक्यावरून मागे इनिऑनपर्यंत कापडी टेप धरायची आणि येईल त्या अंतराचे १०, २०, २०, २०, २० आणि १० टक्के असे भाग पाडायचे. या मुलीचे अंतर ३४ सेंटिमीटर भरले, म्हणजे पहिली खूण ३.४ सेंटिमीटरवर, पुढच्या चार प्रत्येकी ६.८ वर आणि शेवटी पुन्हा ३.४ उरले पाहिजेत. मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, मग डोक्याचा घेर. तिचा घेर ५२ होता, म्हणून मागचे दोन इलेक्ट्रोड मध्यरेषेपासून दोन्हीकडे २.६ सेंटिमीटरवर बसायला हवेत. हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ मध्ये मांडलेली ही टेन-ट्वेंटी पद्धत. डोके लहान असो वा मोठे, ‘ओ-१’, म्हणजे मागचा डावा इलेक्ट्रोड, म्हटले की जगातल्या कोणत्याही डॉक्टरला मेंदूचा तोच भाग डोळ्यांपुढे यावा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप असतो. वायरी चिकटवल्या की पुढचे मशीन बघून घेते, असे लोकांना वाटते, आणि खेद याचा आहे की आमच्या कामातल्या अनेकांनाही आता तसेच वाटू लागले आहे. तयार टोपी चढवायची आणि सुरू करायचे. दिवसाला वीस रुग्ण नेमून देणाऱ्या व्यवस्थेला टेपसाठी लागणारी दहा मिनिटे वाया गेल्यासारखी दिसतात.

मी मात्र टेपने मोजले होते. डोळे मिटायला सांगितल्यावर मागच्या भागात अल्फा लहरी उमटल्या, आणि डावीकडच्या उजवीकडच्यांच्या निम्म्याहूनही कमी उंचीच्या होत्या. डावीकडच्या थोड्या कमी असणे नेहमीचे आहे, पण इतक्या नाहीत. जुन्या अहवालाशी हे तंतोतंत जुळत होते आणि खरे सांगायचे तर त्या जुळण्याने मला हायसे वाटले. पुढची तपासणी सुरू करण्याआधी एक सैल झालेला इलेक्ट्रोड दाबायला मी उठले, तेव्हा तिच्या मागच्या भांगाकडे लक्ष गेले. भांग मानेपर्यंत सरळ गेला होता आणि माझ्या पेन्सिलची खूण त्याच्या डावीकडे बोटभर अंतरावर होती.

भांग म्हणजे पुरावा नव्हे. पण मी पुन्हा चाचपले. तिचे डोके मागून उजवीकडे चपटे होते आणि त्यामुळे डावी बाजू पुढे आल्यासारखी लागत होती. लहान मुलांमध्ये इनिऑन नीट वाढलेलाच नसतो, म्हणून सर्वांत उंच लागले तेच मी इनिऑन मानले होते. अशा डोक्यात चपट्या बाजूचा कानही पुढे सरकलेला असू शकतो, त्यामुळे कानापासूनच्या मापाने पडताळा घेणेही धोक्याचे. मी तिला हनुवटी छातीला टेकवायला सांगितली, मानेच्या मणक्यांवर बोट ठेवले आणि मधली घळ धरून वर वर गेले. ती घळ जिथे हाडाला मिळाली ती जागा माझ्या खुणेपासून सव्वा सेंटिमीटर उजवीकडे होती. म्हणजे डावा इलेक्ट्रोड मध्यरेषेपासून जवळजवळ चार सेंटिमीटर दूर, आणि उजवा दीड सेंटिमीटरसुद्धा नाही.

“पाळण्यात ही सदा दाराकडंच तोंड करून झोपायची,” आजी म्हणाल्या. “मोहरीची उशी केली होती, पण मी लक्ष दिलं नाही. त्यानंच झालं का हे?” तसे अजिबात नाही, हा फक्त कवटीचा आकार आहे, हे मी त्यांना दोनदा सांगितले. पुढचे डॉक्टर सांगतील, असे म्हणून गप्प राहणे आमच्याकडे शिस्त मानले जाते. मला ते त्या वेळी जमले नाही.

सगळे इलेक्ट्रोड काढून पुन्हा लावले. दोन्ही बाजूंतला फरक जवळजवळ मिटला. मग तिच्या हातात कागदी भिरभिरे दिले आणि तीन मिनिटे फुंकायला सांगितले. मूल सहकार्य करत नसल्याने जुन्या ठिकाणी ही जोरजोरात श्वास घ्यायला लावण्याची तपासणी केलीच नव्हती. भिरभिरे पाहून ती आनंदाने तयार झाली. दुसऱ्या मिनिटाच्या शेवटी भिरभिरे थांबले. पापण्या बारीक फडफडू लागल्या आणि पडद्यावर पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे, सगळ्या ओळींत एकाच वेळी सेकंदाला तीन या गतीने टोकदार लहर आणि तिच्यामागे संथ लहर उमटू लागली. मी मोठ्याने “हत्ती” म्हटले. अकरा सेकंदांनी ती पुन्हा फुंकू लागली. मी काय म्हणाले, असे विचारल्यावर ती माझ्याकडे नुसती बघत राहिली.

निदान करणे माझे काम नाही. आमच्या डॉक्टरांनी नोंद पाहिली, अबसेन्स प्रकारचा, म्हणजे क्षणभर भान हरपणारा, अपस्मार असल्याचे सांगितले आणि औषध बदलले. या प्रकारात कार्बामाझेपिनने झटके वाढू शकतात. तीन महिन्यांनी मुलगी पुन्हा आली तेव्हा शाळेतले थबकणे थांबले होते.

त्या आठवड्यात मी दहा वर्षांखालील मुलांच्या जुन्या नोंदी काढून बसले. मागच्या भागात एका बाजूच्या लहरी कमी असल्याचे ज्यांत लिहिले होते, त्या वेगळ्या केल्या. चार नोंदींवर माझी सही होती, मापे लिहिलेली होती, आणि इनिऑन कसा शोधला याबद्दल एक अक्षरही नव्हते. तीन कुटुंबांना फोन लागला. चौथ्या नोंदीवरचा क्रमांक आता अस्तित्वात नाही.